धूर आणि अग्नी

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. न्यायदर्शनातल्या या अनुमानाचा सगळा भार धुरावर नसून व्याप्तीवर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हा संबंध कधीच चुकत नसेल तरच धुराला हेतू म्हणता येते. रक्तातल्या कर्करोगाच्या खुणा टिपणाऱ्या जैवसंवेदकांनाही हीच कसोटी लावायला हवी. संवेदकावर बसवलेली प्रतिपिंडे ठरावीक प्रथिन पकडतात आणि त्या पकडीतून विजेचा किंवा प्रकाशाचा संकेत उमटतो. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने २०१० मध्ये अतिसूक्ष्म खळग्यांत प्रथिनाचा एकेक रेणू मोजून दाखवला. प्रोस्टेट ग्रंथी काढलेल्या रुग्णांच्या रक्तात नेहमीच्या चाचणीला न सापडणारे पीएसए हे प्रथिन त्यांना सापडले. नजर एवढी तीक्ष्ण झाली म्हणजे ज्ञानही तेवढेच वाढले, असे आपण धरून चालतो. माझ्या मते तिथेच गफलत होते. संवेदकाने धूर स्वच्छ दिसतो, व्याप्ती बळकट होत नाही.

पीएसए निरोगी ग्रंथीतही तयार होते. वयाने ग्रंथी वाढली किंवा तिला सूज आली तरी रक्तातले त्याचे प्रमाण चढते. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार, म्हणजे अग्नी नसतानाही दिसणारा धूर, म्हणतील. मोजणी कितीही बारीक केली तरी हा दोष जात नाही. शिवाय हजारात एकालाच रोग असेल, तर ९९ टक्के अचूक चाचणीही त्या एका रुग्णामागे सुमारे दहा निरोगी माणसांवर बोट ठेवते. आणि खूण खरी निघाली तरी प्रश्न उरतोच, कारण आपल्याला जाणायचे असते ते कर्करोगाच्या पेशीचे अस्तित्व नव्हे, माणसाचे भवितव्य. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन अंडाशयाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. दरवर्षी रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन मोजलेल्या गटात रोग सुरुवातीच्या टप्प्यावर सापडू लागला, पण २०२१ च्या निष्कर्षांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही. लवकर कळले म्हणजे जीव वाचला, ही व्याप्ती तिथे टिकली नाही.

यावर कोणी विचारील, मग लवकर शोधणे व्यर्थच का? मुळीच नाही, आणि पुरावा महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा विषाणू असला म्हणजे कर्करोग असतोच असे नाही, पण तो नसताना हा कर्करोग क्वचितच होतो. आणि रोगाआधीची अवस्था ओळखून तिच्यावर उपचार करता येतात. तिथे खुणेपासून उपायापर्यंतची साखळी अखंड होती, आणि कसोटी लागली ती वाचलेल्या जिवांवर.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: माझ्या रक्तात काय आहे हे जाणण्याचा हक्क माझा नाही का? हक्क आहेच. पण हाती आलेला आकडा आणि ज्ञान यांत अंतर आहे. कोणत्या अनुमानाला किती आधार आहे हे न सांगता दिलेला आकडा हक्क पुरा करत नाही, भीती तेवढी हवाली करतो. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने प्रमाणाची, म्हणजे ज्ञानसाधनाची, सार्थकता प्रवृत्तीच्या यशात पाहिली: पाणी समजून जिकडे गेलो, तिथे तहान भागली पाहिजे. संवेदकाचे मोलही त्याने किती सूक्ष्म कण टिपला यावर ठरणार नाही. त्याच्या सांगण्यावरून पाऊल उचललेल्या किती जणांची तहान भागली, यावर ठरेल.