वाचकाचा वेळ

ग्रंथालयांनी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम या समाजमाध्यमांचा उपयोग करावा की करू नये, हा प्रश्न आता उरलेला नाही. ग्रंथालये तेथे जाऊन पोहोचली आहेत, आणि जी गेली नाहीत तीही आज ना उद्या जातील. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. तेथे गेल्यावर ग्रंथालय कोणाच्या घड्याळाप्रमाणे चालणार? वाचकाच्या, की त्या माध्यमाच्या मालकाच्या? वरकरणी हा व्यवस्थेचा प्रश्न वाटतो, पण मुळात तो नीतीचा आहे. आणि ज्या समाजात मराठी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, त्या आपल्या समाजाला तर तो फारच जवळचा आहे.

डॉ. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे आपले पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. जगातील ग्रंथपाल आजही ते अभ्यासतात. त्यांपैकी तिसरा आणि चौथा येथे कामाचे आहेत. तिसऱ्याचा आशय असा की, कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाचा कोणीतरी वाचक जगात असतोच. त्याला हुडकून काढणे हे ग्रंथालयाचे काम आहे, तो येईल तेव्हा येईल म्हणून गादीवर बसून राहणे नव्हे. चौथ्याचा आशय असा की, वाचकाचा वेळ उधळण्याचा अधिकार ग्रंथालयाला नाही. उघडी कपाटे, नीट लावलेली सूची, विचारल्याबरोबर उत्तर देणारा माणूस, या साऱ्यांवर त्यांचा जो भर होता तो यासाठी.

त्याच १९३१ साली तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडी येथे बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले. रंगनाथनांचा त्याला पाठिंबा होता. ज्यांना गावातील ग्रंथालयापर्यंत येणे जमत नसे त्यांच्या दारी पुस्तके जाऊ लागली. तिसरा नियम जणू चाकांवर बसला! आता कोणी म्हणेल, आजची बैलगाडी म्हणजे फेसबुक. लोक जेथे जमतात तेथे पुस्तकांनी जायला नको काय? जायला हवे. पण ही उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. मन्नारगुडीच्या गाडीवानाला, लोक बैलांकडे किती वेळ पाहत उभे राहिले यावर मजुरी मिळत नव्हती. या माध्यमांच्या मालकांना नेमकी तशीच मिळते. माणूस जितका वेळ पडद्याला खिळून राहील तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात, आणि जाहिरातींवरच हा सारा संसार चालतो. म्हणजे ग्रंथालय तिसरा नियम पाळण्यासाठी ज्या गाडीत चढते, ती गाडी चौथा नियम मोडण्यासाठीच बांधलेली आहे. खरी अडचण ही.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. पुण्यास १८७४ साली छापलेल्या मराठी हगादेत साड्या नेसून बसलेल्या बायका मात्सा करीत असल्याचे चित्र आहे. पेसाह जवळ आला की हे चित्र या फोनवरून त्या फोनवर फिरू लागते. लोक त्यावर लाल बदामाची खूण करतात, “आपल्या आज्या अशाच बसायच्या” असे लिहितात आणि पुढे सरकतात. यात वाईट काही नाही. पण त्या चित्रापलीकडे हिब्रूसह मराठी मजकूर आहे, दीडशे वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी आपल्या भाषेत सांगितलेली मिसरमधून सुटकेची कथा आहे, तो किती जणांनी उघडून वाचला? एखाद्या ग्रंथालयाने हे चित्र नुसते टाकले, तर त्याने पाहणाऱ्याला क्षणभर रमविले. चित्राखाली, ही हगादा आमच्याकडे आहे, अमुक वेळात येऊन पाहता येईल, येणे न जमल्यास पाने येथे वाचता येतील, मजकुराचे अक्षर अडले तर या माणसाला विचारावे, एवढे चार शब्द घातले तर त्याने सेवा केली. दोन्हींना कष्ट जवळजवळ सारखेच पडतात. फरक एवढाच की, पहिल्यात वाचक फोनमध्येच राहतो आणि दुसऱ्यात तो फोनमधून बाहेर पडून पुस्तकाकडे जातो.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१८ साली यावर एक गमतीची तोड काढली. इन्स्टाग्रामवर क्षणभर दिसून नाहीशी होणारी चित्रे टाकण्याची जी सोय आहे, तिच्यात त्यांनी ‘ॲलिस इन वंडरलँड’ ही अख्खी कादंबरी घातली. अंगठा पडद्यावर ठेवावा म्हणजे पान थांबते, उचलावा म्हणजे उलटते. उथळ पाण्यात विहीर खणण्याचाच हा प्रकार. अंगठा दाबून कादंबरी वाचणे माझ्या पिढीला रुचणार नाही, पण ज्याने कधी अख्खे पुस्तक हाती धरले नाही त्याच्या हाती ते याच वाटेने आले, तर मी तरी नाक मुरडणार नाही.

मला याहून मोलाचा वाटतो तो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा प्रयोग. जानेवारी २००८ मध्ये त्या ग्रंथालयाने आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना विनंती केली की, यांतील माणसे, गावे, प्रसंग ओळखू येत असतील तर सांगा. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाने, आम्हाला हे ठाऊक नाही, तुम्हाला आहे काय, असे चारचौघांत विचारणे ही लहान गोष्ट नव्हे. लोकांनी सांगितले. कोणी रस्ता ओळखला, कोणी जुन्या वर्तमानपत्रातून तारीख शोधून काढली, कोणी चुकलेले नाव दुरुस्त केले. पहिल्या काही महिन्यांतच पाचशेहून अधिक छायाचित्रांच्या नोंदी या माहितीने सुधारल्या गेल्या. येथे वाचकाचा वेळ गेला खरा, पण तो कोणी हिरावून घेतला नाही. त्याने जाणूनबुजून एका कामाला दिला. घेतलेला वेळ आणि दिलेला वेळ यांत चोरी आणि त्सदाका यांच्याइतके अंतर आहे.

याच जातीचे काम कैरोच्या गनिझातील कागदांवर २०१७ पासून झाले. फुस्तातच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये शतकानुशतके साठलेले ते कपटे. देवाचे नाव असेल म्हणून न फेकलेले, आणि त्याबरोबर हिशेब, पत्रे, करार, सारेच राहून गेलेले. बाराव्या शतकात मंगळुरास राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची पत्रे त्यांतच सापडली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सामान्य लोकांना संगणकावर हे कपटे दाखवून, अक्षर हिब्रू की अरबी, वळण कसले, अशी छाननी करावयास बोलाविले. पंडित असण्याची अट नव्हती.

आता आपल्या घरातील कपाटांकडे पाहू. रेवदंडा, पेण, पनवेल, अलिबाग, मुंबई येथून येताना ट्रंकांतून आणलेली छायाचित्रे, पाठीमागे शाईने लिहिलेल्या चार ओळी, हगादेच्या कोऱ्या पानावर नोंदलेले जन्म आणि मृत्यू, एखादे जुने मोडी कागदपत्र. आपल्या नातवंडांना हिब्रू उत्तम येते, इंग्रजी येते. पण ‘शके’ म्हणजे काय हे त्यांतील कितींना ठाऊक आहे? देवनागरी सहज वाचणारे लोक आज येथे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. मोडी वाचणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असले तरी पुष्कळ. एखाद्या ग्रंथपालाने अशा एका छायाचित्राच्या पाठीची प्रत आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तर एरवी वर्षभर संदर्भग्रंथ चाळून जे कळणार नाही ते अश्दोदच्या किंवा दिमोनाच्या एखाद्या आजीबाई जेवणापूर्वी सांगून मोकळ्या होतील. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. म्हणून, समाजमाध्यमे म्हणजे पोरखेळ, असे म्हणून आपल्यातील जी ज्येष्ठ मंडळी दूर राहतात त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण तरुण ग्रंथपालांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, “आम्ही नुसती गंभीर माहिती टाकली तर ती कोणाला दिसतच नाही. लोकांनी टीका-टिप्पणी केली तरच ते यंत्र आमचा मजकूर पुढे करते. म्हणून अधूनमधून मांजराचे चित्र, कोडे, वादाचा विषय टाकावा लागतो.” तक्रार खोटी नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे मित्र आणि आप्तांच्या मजकुराला प्राधान्य मिळेल आणि संस्थांचा मजकूर मागे पडेल. एका रात्रीत हजारो संस्थांच्या दाराला दुसऱ्याने कडी लावली. भाड्याच्या ओट्यावर बसणाऱ्याची ही गत व्हायचीच. मात्र यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. मी वर्गात शिकविले आहे. आरडाओरडा करून किंवा चुटके सांगून मुलांचे डोळे आपल्याकडे वळविता येतात, त्याला शिकविणे म्हणत नाहीत. शंभरांनी मांजर पाहिले आणि दोघांनी पुस्तक नेले, तर ग्रंथालयाच्या वहीत दोन हाच आकडा लिहिला पाहिजे. शंभराचा आकडा त्या कंपनीच्या वहीत शोभतो. दुर्दैवाने अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्यांना शंभराचा आकडा आवडतो, आणि म्हणून दोष एकट्या ग्रंथपालाच्या माथी मारता येत नाही.

दुसरी एक गोष्ट मला अधिक खटकते. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाने कोणास सांगू नये, हा त्या व्यवसायाचा जुना धर्म आहे. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच तो लिहून ठेवला. २००५ साली कनेक्टिकट राज्यातील चार ग्रंथपालांकडे सरकारी तपास यंत्रणेने वाचकांची माहिती मागितली आणि याविषयी तोंड उघडू नये असेही बजावले. त्यांनी माहिती दिली नाही, ते न्यायालयात गेले, आणि पुढच्या वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. आता याच ग्रंथपालांचे भाऊबंद वाचकाला, अमुक पुस्तक आवडले तर खूण करा, असे फेसबुकवर सांगतात. ती खूण एका कंपनीच्या कायमच्या नोंदवहीत जाते. फेसबुकवरील सुमारे आठ कोटी सत्तर लाख लोकांची माहिती निवडणुकीचा धंदा करणाऱ्या एका कंपनीच्या हाती गेल्याचे २०१८ साली उघड झाले, तेव्हा हे भय काल्पनिक नाही. सरकारला जे दिले नाही ते व्यापाऱ्याला फुकट द्यावयाचे, हा कोणता न्याय?

आपल्यासारख्या लहान समाजात तर कंपनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ग्रुपवर “अमक्या बाईंनी अमुक पुस्तक परत केलेले नाही” एवढा साधा निरोप पडला की, त्या पुस्तकाचा विषय पुनर्विवाह आहे की कर्करोग, याची चर्चा शब्बाथच्या जेवणापर्यंत पोहोचते. म्हणून सर्वांना एकमेकांचे नंबर दिसतात असा ग्रुप ग्रंथालयाने काढू नये. ब्रॉडकास्टची यादी ठेवावी. तीत निरोप प्रत्येकाला वेगळा जातो आणि कोण कोण यादीत आहे हे इतरांना दिसत नाही. त्यासाठी घेणाऱ्याने ग्रंथालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवलेला असावा लागतो, एवढीच अट. वाचकाने प्रश्न खाजगीत विचारावा, उत्तर खाजगीत मिळावे. आणि निरोप असा असावा की तो वाचून माणूस मोकळा होईल: हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास, १८९७ साली लिहिलेला, तेल अवीवला १९३७ साली छापलेला, अमक्या कपाटात, अमक्या वेळात. पुरे.

शब्बाथचे काय? जेरुसलेमचे राष्ट्रीय ग्रंथालय शनिवारी बंद असते. ही माध्यमे मात्र कधीच बंद नसतात, आणि जो रोज टाकत नाही त्याचा मजकूर मागे पडतो असे म्हणतात. आधीच लिहून ठेवलेला मजकूर शनिवारी सकाळी आपोआप प्रसिद्ध होण्याची सोयही आहे. कोणाचा हात लागला नाही म्हणून ते चालेल काय, हे हलाखा जाणणाऱ्यांनी सांगावे. माझे म्हणणे साधे आहे. वाचकाला एक दिवस मोकळा सोडल्यामुळे ग्रंथालयाचे पान चार पायऱ्या खाली घसरत असेल तर घसरू द्यावे.

राहिला कपाटातील छायाचित्रांचा प्रश्न. लायब्ररी ऑफ काँग्रेसने लोकांनी दिलेली माहिती फ्लिकरवरच पडू दिली नाही. ती पारखून आपल्या कायमच्या सूचीत घेतली आणि तेथे, ही माहिती २००८ च्या फ्लिकर प्रकल्पातून मिळाली, असे नमूदही केले. फ्लिकर उद्या राहो वा न राहो, लोकांनी दिलेले ते तास सूचीत राहिले. आपल्याकडे छायाचित्रे मागावयास जे ग्रंथालय किंवा संग्रहालय येईल त्याला आपण एवढेच विचारावे की, आमच्या वडीलधाऱ्यांनी ओळखलेली नावे तुमच्या सूचीत जातील काय, आणि मराठी नावे देवनागरीतही लिहिली जातील काय. होकार आला की ट्रंक उघडावी, आणि वाचू शकणाऱ्याला शेजारी बसवून प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवरील मजकूर आधी एका वहीत उतरवून घ्यावा.