बगळ्यांवर खापर फोडू नका

त्या बेचक्या आधी टेबलावर ठेवा आणि ऐका. ओढ्याकाठची बगळ्यांची घरटी पाडून आलात, आणि वर तोंड करून सांगता, "सर, बर्ड फ्लू यांच्यामुळेच येतो!" लाज वाटायला हवी.

रानपक्षी विषाणू आणू शकतात, हे मीच तुम्हाला शिकवलंय. रानबदकं स्वतः आजारी न पडता तो अंगात बाळगतात आणि विष्ठेतून पाण्यात सोडतात. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात बगळे मेले, दापोलीत कावळे मेले. त्याच महिन्यात परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या पटापट गेल्या आणि आपल्या मुळशीत, नांद्यातही रोग निघाला. एवढं माहीत आहे, मग तुमच्या शेडची जाळी फाटकी का? पाण्याची टाकी उघडी का? पाखरू येणारच. त्याची विष्ठा खाद्यात पडू न देणं हे तुमचं काम आहे.

आणि या शेडमधला रोग त्या शेडमध्ये कोण नेतं? तुमच्या चपला नेतात, न धुतलेले अंड्यांचे ट्रे नेतात, माल उचलणाऱ्या गाडीची चाकं नेतात. काल तुमच्यातल्याच एकाच्या शेडवर गेलो होतो. दारात पाय बुडवायला घमेलं ठेवलेलं, आत जंतुनाशकाचा थेंब नाही, नुसता वाळलेला चिखल! मागे ओढ्यात मेलेल्या कोंबड्या फेकलेल्या आणि कावळे त्यांचे लचके तोडत होते. उद्या ते कावळे मेले, तर दोष कुणाचा?

वर मर वाढली की गप्प बसायचं, उरलेला माल घाईघाईनं विकायचा! रोगाचा संशय आला की खबर देणं प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. शिवाय रोग पक्का झाला की किलोमीटरभराच्या आतल्या शेजाऱ्याच्या धडधाकट कोंबड्याही माराव्या लागतात. 2006 मध्ये नवापुरात लाखो कोंबड्या अशाच गेल्या.

आजच जाळी शिवा, टाकी झाका, शेडसाठी वेगळ्या चपला ठेवा. अचानक मर दिसली तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि पुन्हा कुणी घरट्याला हात लावलेला मला दिसता कामा नये. एवढं जमत नसेल, तर कोंबडीपालन तुमचं काम नव्हे.