सोनखताचा हिशेब

आमच्या घरात पाण्याचे दोन नळ आहेत. एक नेहमीचा, दुसरा जांभळा. वेरिबीच्या पश्चिमेला ज्या नव्या वसाहती झाल्या, तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा जांभळा नळ चांगला परिचयाचा असेल. त्यातून येते ते शुद्ध केलेले सांडपाणी. बागेला घाला, गाडी धुवा, संडासाच्या टाकीत सोडा. प्यायचे मात्र नाही.

मागे आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हाची गोष्ट. अंगणातल्या कुंडीत हिने मोठ्या कष्टाने जगवलेली तुळस आहे. मेलबर्नच्या थंडीत तुळस जगवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल! आई सकाळी झारी भरून तिला पाणी घालायला निघाली आणि सहज म्हणून तिने विचारले, "अरे, हा नळ जांभळा का रे?"

मी मोठ्या उत्साहाने सगळे सांगितले. आईने झारी खाली ठेवली.

"मग तुळशीला नको."

"अगं आई, गाळलेलं असतं, जंतू मारलेले असतात. अगदी स्वच्छ."

"स्वच्छ असेल. मी कुठे नाही म्हणतेय? पण तुळशीला नको."

त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पण त्या झारीने माझ्या डोक्यात जो किडा सोडला, तो अजून गेलेला नाही. स्वच्छ आहे हे मान्य आणि तरीही नको, म्हणजे नक्की काय नको? आणि जे नको असते, त्याचे पुढे काय होते?

जांभळ्या नळाचे पाणी येते ते आमच्यापासून फार लांब नसलेल्या वेस्टर्न ट्रीटमेंट प्लांटमधून. सुमारे साडेदहा हजार हेक्टरांचा हा पसारा मेलबर्नचे जवळजवळ निम्मे सांडपाणी पोटात घेतो. १८८०च्या दशकात सोन्याच्या पैशाने श्रीमंत झालेल्या या शहराला लोक 'स्मेलबर्न' म्हणत. गटारे उघडी, टायफॉइडचे थैमान, आणि घराघरातला मैला रात्री गाड्यांतून वाहून नेणारी माणसे. शहरातल्या जुन्या घरांच्या मागे दगडी फरशांचे अरुंद बोळ आहेत ना, जिथे आता लोक कॉफी पीत फोटो काढतात, त्यांतले कितीतरी या गाड्यांसाठीच होते. मग १८९१ साली बोर्ड ऑफ वर्क्स स्थापन झाले, आणि १८९७ साली वेरिबीचे 'सीवेज फार्म' सुरू झाले. मुलांना आपण सायन्सवर्क्सला नेतो, तिथले स्पॉट्सवुडचे जुने पंपिंग स्टेशन याच योजनेचे. सुरुवातीला सांडपाणी सरळ कुरणांवर सोडत, त्यावर गवत माजे आणि त्या गवतावर गुरे-मेंढ्या पोसत. कामगारांच्या कुटुंबांसाठी कोकोरॉक नावाचे गावच तिथे वसले होते. शाळा होती, पोहण्याचा तलावही होता. आता गाव उठले आहे.

माझी कन्या तेव्हा दहावीत होती. तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी खिडकीत तीन बरण्या मांडल्या. एकीत साध्या नळाचे पाणी, दुसरीत जांभळ्या नळाचे, तिसरीत साध्या पाण्यात चिमूटभर बागेचे खत. तिन्हींत तळ्यातले चमचाभर हिरवट पाणी विरजणासारखे टाकले. काही दिवसांनी पहिली बरणी जेमतेम फिकट, दुसरी पोपटी आणि तिसरी पालकाच्या सुपासारखी! आजी रोज येऊन नातीच्या बरण्या बघायची आणि नाक मुरडायची. पण बघायची मात्र न चुकता.

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीच्या निसरड्या पायऱ्या आठवतात. हे शेवाळ त्याहून सूक्ष्म, एकेका पेशीचे, सुटे सुटे डोळ्यांना न दिसणारे. ऊन, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात विरघळलेले नायट्रोजन-फॉस्फरस एवढ्यावर ते वाढते. आपल्या मलमूत्रात आणि साबणाच्या पाण्यात हे दोन्ही भरपूर असतात. तेच नदीत किंवा समुद्रात गेले की शेवाळ तिथे माजते आणि मासे मरतात. १९९१ साली डार्लिंग नदीचा हजार किलोमीटरहून लांबचा पट्टा विषारी निळ्या-हिरव्या शेवाळाने भरला होता आणि न्यू साउथ वेल्स सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती. मग ते माजायचेच असेल तर नदीत कशाला, आपण बांधलेल्या तळ्यात माजू दे, अशी ही कल्पना. उथळ तळे, हात-दीड हात खोल, पाणी हलते ठेवायला रहाटासारखे चाक. कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५०च्या दशकात ही तळी मांडली. शेवाळ प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू जगतात, ते मैला खातात, आणि त्यातून सुटलेले अन्न पुन्हा शेवाळ खाते. वेरिबीच्या तळ्यांतही हे शेवाळ आपणहून असतेच. दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी किंग्स्टन-ऑन-मरे या छोट्या गावाचे सांडपाणी, फ्लिंडर्स विद्यापीठाच्या संशोधनातून झालेल्या अशाच तळ्यात जाते.

आता यात मोहाचा भाग असा, की शेवाळात तेल असते. तेल काढले की डिझेल करता येते. म्हणजे घाणही गेली आणि गाडीही धावली! मी पेशाने अकाउंटंट. असा ताळेबंद समोर आला की आधी मला संशय येतो. अमेरिकन सरकारने १९७८ ते १९९६ या काळात यावर संशोधन चालवले आणि महाग पडते म्हणून बंद केले. एक्झॉनमोबिलने २००९ साली मोठा गाजावाजा करून हात घातला आणि २०२३ साली काढून घेतला. कारणे समजून घेतली तेव्हा मला त्यात एक फारच मार्मिक अडचण दिसली. शेवाळ तेल साठवते ते उपासमार झाली की. नायट्रोजन कमी पडला की वाढ थांबते आणि पेशी पुढच्या दिवसांची बेगमी म्हणून चरबी धरते. सांडपाण्यात तर रोजच मेजवानी! तिथे शेवाळ भराभर वाढते, पाणी स्वच्छ करते, पण तेल फारसे धरत नाही. म्हणजे जे चांगली सफाई करते ते तेल देत नाही, आणि ज्याच्याकडून तेल हवे त्याला उपाशी ठेवावे लागते. त्यात लिटरभर पाण्यात शेवाळ असते साधारण अर्धा ग्रॅम. किलोभर शेवाळासाठी दोन हजार लिटर पाणी गाळायचे, आणि कण इतके बारीक की सहजासहजी खाली बसत नाहीत. वेरिबीला इंधन मिळते खरे, पण ते शेवाळापासून नव्हे. झाकलेल्या तळ्यांत हवेविना जगणारे जिवाणू मैला कुजवतात, त्या वायूवर वीज होते आणि प्लांटच्या गरजेचा मोठा भाग भागतो.

कन्येने प्रोजेक्टचा शेवट 'म्हणून हे फायदेशीर नाही' असा लिहिला. मी वाचून मान डोलावली. आईने विचारले, "फायदेशीर नाही म्हणजे? साफ तर होतं ना?"

"होतं, पण पैसे सुटत नाहीत, आजी."

"झाडून काढण्यात कधी पैसे सुटतात का गं?"

आणि मग आई तिच्या माहेरच्या वाड्याबद्दल बोलायला लागली. मागच्या बोळात टोपलीचे संडास होते. पहाटे एक बाई यायची, खालून टोपली ओढायची आणि डोक्यावर घेऊन जायची. तो मैला कचऱ्यात कुजवून नगरपालिका शेतकऱ्यांना विकायची. त्याला नाव होते सोनखत. आईच्या वडिलांच्या शेतात ते पडायचे आणि त्यावरची वांगी-मिरची घरात यायची.

"म्हणजे तुम्ही खायचात ते त्याच खतावरचं?" नातीने विचारले.

"हो की."

"आणि त्या बाईंचं नाव काय होतं?"

आई बराच वेळ आठवत राहिली. तिला नाव आठवले नाही. वाड्यातल्या म्हशीचे नाव तिला आठवत होते.

मराठीने त्या खताला सोने म्हटले आणि ते डोक्यावर वाहणाऱ्या माणसाला शिवायचे नाही असे ठरवले. वांगी चालली, खत चालले, हात चालला नाही. आप्पासाहेब पटवर्धनांना हे समजले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. जातीमुळे ते नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत करण्याचे संडास बसवले, स्वतःच्या हातांनी साफ केले. सफाई आणि सोनखत हे त्यांच्या लेखी एकच काम होते.

इथे मेलबर्नमध्ये टोपली नाही आणि बाईही नाही. बटण दाबले की संपले. हे मी फार मोठे सुख मानत आलो, आणि आहेच. कोणाच्या डोक्यावरची टोपली गेली हे लहान नव्हे. इथल्या मैलागाडीवाल्यालाही लोक तोंड फिरवत असतील, पण तो जन्माने त्या कामाला बांधलेला नव्हता आणि नाताळला त्याच्यासाठी बिअरची बाटली ठेवायची रीत होती. तरीपण बटण दाबल्यावर आपला संबंध संपतो, ही समजूत तीच जुनी, नाही का? पूर्वी ती बाईच्या डोक्यावर टाकली, आता पाइपावर. शेवाळाच्या तेलाची एवढी भूल मला पडली त्याचे कारणही मला तिथेच दिसते. घाण करणाऱ्यालाच वर नफा मिळणार असेल, तर मग कोणाचे काही देणे लागतच नाही!

देणे आहे का, आणि कोणाचे? मी हिशेबनीस म्हणून माग काढत गेलो. आपल्या सांडपाण्यातला फॉस्फरस जेवणातून येतो. जेवणात शेतातून, आणि ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, झिजलेल्या मातीत तो मुळात फार कमी. म्हणून विसाव्या शतकात इथल्या गव्हाला आणि कुरणांना सुपरफॉस्फेट घातले गेले, आणि त्यातला मोठा वाटा आला पॅसिफिकमधल्या नाउरू बेटावरून. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरचे बेट. त्याचा मधला सगळा भाग खणून काढला, उरले ते चुनखडीचे सुळके. नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले; १९९३ साली १०७ दशलक्ष डॉलर देऊन तडजोड झाली. खटल्यापुरते खाते मिटले. पण ते फॉस्फेट गेले कुठे? काही मातीत राहिले, काही भाकरीतून माणसांत आणि माणसांतून नळीवाटे समुद्रात. मी इथे येण्याआधीच हे बरेचसे घडून गेले होते, तेव्हा माझा काय संबंध, असे म्हणता येईल. पण त्या शेतांची भाकरी मीही खातोच आहे. दुसऱ्याचे बेट खणून आणलेली वस्तू पुन्हा मातीत घालायची की पाण्यात सोडून नवी खणायला जायचे, हा प्रश्न पैसे सुटण्या-न सुटण्याचा राहत नाही. उसने आणलेली वाटी परत करताना कोणी फायदा विचारत नाही.

इतके ठरवून मी निश्चिंत झालो असतो, पण एका पक्षिप्रेमी मित्राने घोटाळा केला. पक्षी बघायला परवाना काढून तो मला प्लांटमध्ये घेऊन गेला. ही तळी आणि किनारा १९८२ पासून रामसर यादीतल्या पाणथळ क्षेत्रात मोडतात. जवळजवळ तीनशे जातींचे पक्षी तिथे नोंदले आहेत. त्याने मला रेड-नेक्ड स्टिंट दाखवला, वजन तीसेक ग्रॅम, म्हणजे आपला एखादा बेसनाचा लाडू. तो सायबेरियातून उडत येतो. चिखलातले किडे खाऊन पुन्हा परतीपुरती चरबी धरतो. मित्र म्हणाला, तो चिखल सुपीक आहे तो आपल्याच सांडपाण्यामुळे. १९९६ साली पूर्ण झालेल्या सीएसआयआरओच्या अभ्यासाने पोर्ट फिलिप उपसागरात जाणारा नायट्रोजन वर्षाला हजार टनांनी कमी करायला सांगितले आणि प्लांटने आपला वाटा उचलला. तेव्हा लगेच दुसरी काळजी उभी राहिली, की पाणी फार स्वच्छ झाले तर हे पक्षी खाणार काय? त्यामुळे आता तिथे नायट्रोजनही मोजतात आणि पक्षीही. मला तोपर्यंत वाटत होते की देणेकरी एक आणि घेणेकरी एक. इथे तिसराच कोणी शंभर वर्षे आपल्या उष्ट्यावर संसार थाटून बसलेला! त्याला न विचारता खाते बंद करता येईल का? मला अजून उत्तर सापडलेले नाही.

घरी येऊन आईला पक्ष्यांचे फोटो दाखवले. तिने लाडवाएवढा पक्षी दोनदा मोठा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झारी घेऊन जांभळ्या नळाशी गेली. मला वाटले, चला, पटले! तिने मेथीच्या वाफ्याला पाणी घातले, मिरचीला घातले. तुळशीपाशी येऊन झारी बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातून तांदूळ धुतलेले पाणी आणून तिला घातले.

"मेथीला चालतं?" मी विचारले.

"मेथी आपण खायची आहे. तिला खत लागतं." थोडे थांबून म्हणाली, "ती बाई वसूबाई असावी. नाही, वसू तिची सून. तिचं काहीतरी 'स'वरून होतं."

परत जाईपर्यंत ती ते नाव आठवत होती. फोनवर अजूनही कधी कधी सांगते, नाही आठवले म्हणून.