भूतयज्ञ आणि पिवळा पोपट

गृहस्थास नित्य सांगितलेल्या पाच यज्ञांपैकी भूतयज्ञ हा सर्वांत अल्प खर्चाचा. मूठभर जोंधळा आणि परळभर पाणी एवढीच त्याची सामग्री. आपल्या डहीत पुष्कळ घरी परसातील दगडावर हे दाणे पडतात व पोपटांचा थवा उतरतो. गेल्या माघात त्या हिरव्या थव्यात एक सर्वांगी पिवळा, लाल डोळ्यांचा पोपट दिसू लागला. कोणी त्यास देवीचे रूप मानून दगडास शेंदूर फासला. कोणी अवर्षणाचे चिन्ह ठरविले. काहींची सूचना अशी की, त्यास धरून देवळात पिंजऱ्यात ठेवावे, म्हणजे दर्शनास गर्दी होईल!

पोपटाच्या पिसात हिरवे असे निराळे रंगद्रव्य नसतेच. तेथे पिवळे द्रव्य असते, आणि पिसाच्या सूक्ष्म रचनेत प्रकाश विखुरून निळी छटा उमटते. दोहोंच्या मेळाने आपणांस हिरवे भासते. ती निळी छटा उठण्यास खाली मेलॅनिन या काळसर द्रव्याची बैठक लागते. जन्मतः तेच नसले की निळे लोपते, पिवळे उरते, आणि डोळ्यांतील रक्ताची लाली बाहेर दिसते. चिमणीच्या ठायी हाच अभाव पांढरा दिसतो. (हिवाळ्यात येणारी गुलाबी भोरडी मात्र मुळचीच तशी, तिच्यात नवल काही नाही.)

मेलॅनिनाने पीस चिवट होते. ते नसल्यास पिसे लवकर झिजतात, ऊन डोळ्यांस सोसत नाही, आणि हिरव्या पानांत शिकऱ्याची दृष्टी आधी ह्याच्यावर जाते. असा जीव माघापासून थव्याबरोबर टिकून आहे, हेच आम्हांस विशेष वाटते.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत कपोत आहे, कुरर आहे. अवधूताने त्यांस मोकळ्या रानात पाहूनच बोध घेतला. पिंजरा विकत आणला नाही. शिवाय रानातील पोपट धरणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. देवळाच्या नावावर तो घडू नये, असे आम्ही विश्वस्तांस स्पष्ट सांगितले आहे.

दगडावरील शेंदूर मात्र पुसावा. पाखरे त्यावर चोच घासतात आणि शेंदूर विषारी असतो. तळलेला प्रसाद टाकू नये. दाणे दाट निंबाजवळ टाकावेत, म्हणजे शिकरा आल्यास लपावयास पाला मिळेल. आणि परळ रोज घासून ताजे पाणी भरावे.