गळका नळ आणि न केलेले कर्म

स्वयंपाकघरातील नळ गळू लागला, की गृहस्थाची कैफियत ठरलेली असते: मी काही केले नाही. या कैफियतीला आपल्याकडे मोठी शास्त्रीय परंपरा आहे. विहित नित्यकर्म न आचरल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो असा मीमांसकांचा पक्ष; उलट तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्याच्या आरंभी शंकराचार्य असा आक्षेप घेतात की, न करणे हा निव्वळ अभाव असताना त्यातून दोषासारखी भावरूप वस्तू निपजावी कशी? नित्यकर्म न घडणे हे, त्यांच्या मते, पूर्वी साचलेल्या दुरिताचे केवळ लक्षण होय. संध्या-अग्निहोत्रासाठी चाललेला हा वाद मोरीवरच्या तोटीपर्यंत ओढणे काहींना पोरकट वाटेल. मला मात्र ही जागा सोयीची वाटते, कारण येथील कार्यकारणभाव पान्याने खोलून पाहता येतो.

चावी फिरवली की आट्यांवरून दांडी खाली सरकते आणि तिच्या टोकाचा रबरी वायसर पितळी बैठकीवर दाबला जाऊन पाण्याची वाट अडवतो. कालांतराने रबर कडक होते, बैठकीच्या काठाचे वर्तुळ त्यावर कोरल्यासारखे उमटते, आणि त्या झिजलेल्या जागेतून टाकीतील पाणी आपल्या दाबाने वाट काढते. थेंबाचे कारण एवढेच. गृहस्थाचे न करणे त्यात कोठेही सापडत नाही, आणि तेवढ्यापुरता आचार्यांचा जय निर्विवाद आहे.

परंतु फिर्याद एवढ्यावर निकालात काढता येत नाही. नळ गळत असताना खरोखरच काही न करणारा मनुष्य माझ्या तरी पाहण्यात नाही. तो निजण्यापूर्वी दातओठ खाऊन चावी पिळतो आणि त्या जादा जोराने वायसर अधिकच चिरडतो. खाली पातेले सरकवतो. टपटप असह्य झाली की तोटीला सुतळी बांधतो, म्हणजे थेंब तिच्यावरून निमूट ओघळावा आणि कानाला त्याची वर्दी लागू नये. थेंब पाव मिलिलिटरचा आणि सेकंदाला एक असे धरले, तर दिवसाकाठी २१ लिटरांहून अधिक, म्हणजे चांगली मोठी बादलीभर, पाणी असे गुपचूप मोरीत जाते. अकर्मात कर्म पाहावे असे गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्यावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. मला त्याचे साधेसे उदाहरण त्या सुतळीच्या गाठीत दिसते. ती गाठ कोणीतरी हाताने मारलेली असते, त्यामुळे अभावाच्या युक्तिवादाचा आसरा तिला मिळत नाही.

दुरुस्ती तशी किरकोळ. मुख्य चावी बंद करावी, नळाचे डोके पान्याने सोडवावे, त्याच मापाचा नवा वायसर बसवावा. मात्र तत्पूर्वी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे, कारण तेथे खड्डे पडले असतील तर नवा वायसरही जुन्याच्या वाटेने जातो.

उरतो अधिकाराचा प्रश्न. मीमांसेत कोणताही विधी सर्वांना सरसकट लागू होत नाही. त्या कर्माचा अधिकारी कोण, हे आधी ठरवावे लागते. भाडेकरू म्हणतो नळ मालकाचा, मालक म्हणतो वापर भाडेकरूचा, आणि या जाबजबाबात दुरुस्तीची तजवीज महिनोन्‌महिने तहकूब राहते. माझ्या मते चावी रोज ज्याच्या हातात, तोच अधिकारी. वायसरच्या पैशांची वसुली त्याने मालकाकडून मागाहून खुशाल करावी.