राज्याची आज्ञा आणि प्रजेचे नैतिक बंधन

खून करणे राज्याने मना केले नसते तरी वाईटच ठरले असते. म्हणून आज्ञापालनाच्या नैतिक बंधनाचा खरा कस अशा कायद्यांपाशी लागत नाही. हुकूम आहे, एवढेच कारण ज्या कायद्याच्या पाठीशी असते, तिथे तो लागतो. १९३८ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली आणि त्यांनी ती मानली नाही. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले.

प्लेटोच्या ‘क्रिटो’मध्ये सॉक्रेटिस तुरुंगातून पळून जाण्यास नकार देतो. अथेन्सच्या कायद्यांनी आपल्याला वाढवले, शिकवले, हे त्याचे एक कारण. या न्यायाने औरंगाबादचे विद्यार्थी कृतघ्न ठरतील, कारण कॉलेज आणि वसतिगृह निजाम सरकारचेच. पण ती सरकारी तिजोरी रयतेच्या साऱ्यावर भरत होती. ज्याचा पैसा त्यालाच उपकाराची आठवण करून देणे, हा युक्तिवाद लंगडाच म्हणावा लागेल.

सॉक्रेटिसचे दुसरे कारण अधिक वजनदार आहे. कायदा पटत नसेल तर नगरराज्याला समजावण्याची किंवा ते सोडून जाण्याची त्याला मोकळीक होती. तरीही तो राहिला, म्हणजे त्याने करार मान्य केला. पण निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातल्या कुळाने जमीन सोडून जायचे कुठे? आणि समजावण्याची वाट तर बंदच होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि संविधानाबरोबर ही वाट खुली होणार होती. महाडचा सत्याग्रह करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले, की सनदशीर मार्ग नव्हते तोवर कायदेभंग समर्थनीय होता. आता तो सोडला पाहिजे.

या भूमिकेची कसोटीही औरंगाबादच्याच विद्यापीठावरून लागली. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला. मार्ग पूर्णपणे सनदशीर होता. तरीही दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि शासनाने ठराव अमलात आणला नाही. १९७९ मध्ये नामांतराच्या मागणीसाठी नागपूरहून निघालेल्या लाँग मार्चमधील अनेकांना अटक झाली. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. आंबेडकरांच्या म्हणण्यात एक अट गृहीत धरावी लागते: सनदशीर मार्गाने मिळालेला निर्णय राज्यानेही पाळला पाहिजे. ही अट शासनाने सुमारे साडेपंधरा वर्षे पाळली नाही. मोर्चेकऱ्यांकडून आज्ञापालन मागण्याचा त्याचा नैतिक अधिकार तेवढाच कमी झाला होता.