कागदावरचें नांव

गेल्या उन्हाळ्यांत अहिल्यानगर जिल्ह्यांतील एका लहानशा मंडळींत उपासनेसाठीं जाण्याचा योग आला. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदललें, आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं अजून नगरच येतें, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.) उपासना आटोपली, मंडळी पांगली, आणि एक तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण मंदिराच्या पायरीवर मागें राहिला. त्याची आई त्या मंडळीची जुनी सभासद. तो स्वतः दर रविवारीं येतो, ढोलकी वाजवितो, लहान मुलांचा शब्बाथशाळेचा वर्ग घेतो. परंतु त्याचा बाप्तिस्मा झालेला नाहीं. लहानपणीं आईनेंच तो होऊं दिला नव्हता, आणि पुढें पाळकांनीं विचारलें तेव्हां त्यानें दोनदां टाळाटाळ केली. मला मात्र त्यानें सरळच विचारलें, "गुरुजी, बाप्तिस्मा द्या पण वहींत लिहूं नका, असें म्हटलें तर पाप होईल काय?"

माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतें. घरीं परत येतांना एस.टी.त बसून मी हाच विचार करीत होतों, आणि पुढें कित्येक दिवस तो प्रश्न मनांतून गेला नाहीं. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत हा प्रश्न आहे. आपण तो कुजबुजतों, पंचांच्या सभेंत मांडीत नाहीं. म्हणून येथें उघड लिहितों.

त्या तरुणाची हकीकत अशी. वडील शेतमजूर, दिवाळीनंतर ऊंसतोडीला जातात. घरीं अनुसूचित जातीचा दाखला आहे, त्यावरून मुलालाही मिळाला, जात पडताळणी समितीची मोहोरही त्यावर झाली. तीन वर्षें तो स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत आहे. २०२३ सालीं आपल्या राज्यांत तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठीं १० लाखांहून अधिक अर्ज आले. त्या लाखांतला तो एक. अर्जाचें शुल्क खुल्या वर्गास १,००० रुपये आणि राखीव वर्गास ९०० रुपये होतें, आणि तेवढे रुपये जमविण्यासाठीं आईनें शेळी विकली. धाकटी बहीण परिचारिकेचें शिक्षण घेऊं म्हणते. दाखला आहे तोंवर या घराला एक दार किलकिलें दिसतें. वहींत नांव पडलें कीं तें मिटतें.

हें असें कां, हें सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. १० ऑगस्ट १९५० रोजीं राष्ट्रपतींनीं अनुसूचित जातींविषयींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या कलमान्वयें, कांहीं थोडे अपवाद सोडून, हिंदु धर्म पाळणाऱ्यासच त्या वर्गांत गणावयाचें ठरलें. १९५६ सालीं शीख बांधवांस व १९९० सालीं बौद्ध बांधवांस त्यांत स्थान मिळालें. ख्रिस्ती व मुसलमान बाहेर राहिले. आदिवासींची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याविषयींच्या आदेशांत धर्माची अट नाहीं; म्हणून नवापुराकडील आपला मावची बंधु बाप्तिस्मा घेऊनही आपला दाखला ठेवूं शकतो, आणि नगरचा मजूर ठेवूं शकत नाहीं. आपल्या राज्यांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस इतर मागासवर्गांत घेतात, ही कांहींशी सोय आहे. पण तेथें गर्दी मोठी, आणि दाखला बदलून आणावयाचा म्हणजे सेतु केंद्र व तहसील कचेरी यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आतां त्या तरुणाच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आधीं प्रामाणिकपणें बोललें पाहिजे. तो मला म्हणाला, "गुरुजी, गांव मला अजून त्याच नांवानें ओळखतो. माझें घर त्याच वस्तींत आहे. पाटलाच्या ओट्यावर मला कोण बसवितो तें तुम्ही पाहिलें आहे. मग मी कागदावर जें लिहितों तें खोटें कसें? कायदा म्हणतो, ख्रिस्ती झालास म्हणजे अस्पृश्यता गेली. कायदाच खोटें बोलतो कीं नाहीं?"

या बोलण्यांत तथ्य आहे, आणि तें कोर्टकचेऱ्यांसही अगदींच अपरिचित नाहीं. मद्रास शहरांत रस्त्यावर बसून जोडे शिवणाऱ्या एका ख्रिस्ती कारागिराला, सरकारनें त्याच्या धंद्यांतील इतरांस दिलेली लहानशी टपरी मिळाली नाहीं, तेव्हां तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ सालीं न्यायालयानें त्याचा अर्ज फेटाळिला. जातीमुळें होणारा जाच धर्म बदलल्यावरही तितक्याच तीव्रतेनें चालू राहतो हें दाखविणारा पुरेसा पुरावा पुढें आलेला नाहीं, असें कारण दिलें. पुढें २००७ सालीं रंगनाथ मिश्र आयोगानें ही धर्माची अट काढून टाकावी असा अभिप्राय दिला. २०२२ सालीं न्यायमूर्ति बालकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालीं आणखी एक आयोग नेमला गेला. म्हणजे हा अन्याय आहे असें म्हणणारे आपणच आहों असें नाहीं.

आणि पवित्र शास्त्रही या विषयांत कित्येक उपदेशकांस वाटतें तितकें सोपें नाहीं. अरामी सेनापति नामान बरा झाल्यावर इस्राएलाच्या देवास भजूं लागला, तरी धनी रिम्मोनाच्या देवळांत जाईल तेव्हां आपल्यालाही त्याजबरोबर वांकावें लागेल, याची क्षमा त्यानें आधींच मागून घेतली. अलीशानें त्याला दरडावलें नाहीं. शांतीनें जावयास सांगितलें. एस्तेर राजवाड्यांत गेली ती मर्दखयाच्या सांगण्यावरून आपली जात व कूळ लपवून गेली, आणि देवानें तिचा उपयोग करून घेतला. निकदेम रात्रीं आला. अरिमथाईकर योसेफ यहूद्यांच्या भयानें गुप्त शिष्य होता, तरी प्रभूचें शरीर मागावयास तोच पिलाताकडे गेला. उघड शिष्य तेव्हां पळाले होते. ज्यांस गुप्त विश्वासणाऱ्यांवर दगड उचलावयाचा आहे त्यांनीं हीं माणसें एकदां मोजून पाहावीं.

तरीही मला त्या तरुणाला 'होय' म्हणवेना. कां, तें सांगतों.

एस्तेर गप्प राहिली. तिला कोणीं शपथ घेऊन 'मी यहूदी नाहीं' असें लिहावयास लाविलें नव्हतें. नामानानें आपली अडचण संदेष्ट्यास उघड सांगितली. देवळांत वांकेन आणि तें तुमच्या वहींत मात्र नसूं द्या, असें तो म्हणाला नाहीं. गप्प बसणें आणि सही करणें यांत जें अंतर आहे तें आपणांस दैनंदिन व्यवहारांतून कळतें. शेजाऱ्यानें पगार विचारला आणि आपण हंसून विषय बदलला, तर त्याला कोणी लबाडी म्हणत नाहीं. तेंच कर्जाच्या अर्जावर खोटा आंकडा लिहिला तर गोष्ट निराळी होते. आपला तरुण प्रतिज्ञापत्रावर सही करितो, आणि त्या सहीखालीं त्याचा आत्मा उभा असतो. गांव त्याला कांहींही म्हणो, 'तूं कोणाचा?' या प्रश्नाचें उत्तर रविवारीं एक आणि सोमवारीं तहसील कचेरींत दुसरें, अशी ही वांटणी आहे.

शिवाय ही वांटणी एका सहीपुरती राहत नाहीं. नोकरी लागली कीं खरी अडचण सुरू होते. कचेरींतला सोबती विचारतो, रविवारीं कोठें असतां? लग्न ठरतें, तर तें मंदिरांत लावावें कीं कार्यालयांत? मंदिरांत लाविलें तर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें तें नोंदलें जाणार. मूल होतें, त्याचें नांव दानीएल ठेवावें कीं दिनेश? बढतीच्या वेळीं कोणी हितशत्रु मंदिराच्या दारांतला फोटो मोबाईलवरून साहेबांस धाडतो. असे सुशिक्षित, चांगल्या हुद्द्यावरचे लोक मी पाहिले आहेत. नाताळांत ते दुसऱ्या तालुक्याच्या उपासनेला जातात आणि मागच्या बांकावर बसतात. त्यांचे आईबाप वारले तेव्हां पाळकाला कोणत्या वेळीं बोलवावें याचीही त्यांना चिंता पडली. दहा वर्षें असें राहिल्यावर मनुष्य काय होतो? तो वाईट होतो असें मी म्हणत नाहीं. तो सावध होतो, आणि सावधपणा हळूहळू प्रार्थनेंतही शिरतो.

नोव्हेंबर २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुदुचेरी येथील एका स्त्रीचें प्रकरण निकालांत काढिलें. कारकुनाच्या जागेसाठीं ती अनुसूचित जातीचा दाखला मागत होती. तिचा अर्भकपणीं झालेला बाप्तिस्मा व चर्चमधील तिची नेहमींची उपस्थिति यांवरून, ती ख्रिस्ती धर्म पाळते असें न्यायालयानें ठरविलें, आणि श्रद्धा नसतां केवळ आरक्षणासाठीं धर्माचें नांव सांगणें हें घटनेशीं कपट होय असें म्हटलें. हें वाचून कित्येक मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या वह्या लपविण्याची भाषा सुरू झाली. मला यांत मोठा धोका दिसतो. वही ही मंडळीची साक्ष आहे. ती कोरी ठेवावयाची तर पाळकाला खोट्यांत ओढावें लागतें, पंचांना ओढावें लागतें, आणि शब्बाथशाळेंतील लेंकरांनाही 'बाहेर सांगूं नका' असें शिकवावें लागतें. एका घराचें गुपित सगळ्या मंडळीच्या डोक्यावर बसतें.

आणखी एक गोष्ट आहे, ती त्या तरुणाला मीं सांगितली तेव्हां तो बराच वेळ बोलला नाहीं. मद्रासच्या त्या कारागिराला न्यायालयानें पुरावा मागितला होता. ख्रिस्ती झाल्यावरही आम्ही त्याच वस्तींत, त्याच दारिद्र्यांत आहों, हा पुरावा देणार कोण? जो स्वतःला ख्रिस्ती म्हणवितो तोच. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार भरले. जे कागदावर नाहींत ते या गणतींत नाहींत, आणि त्यांचें दुःखही नाहीं. तो कारागीर हरला हें खरें. पण त्यानें आपलें नांव लपविलें नाहीं, म्हणूनच त्याचा प्रश्न सत्तर ऐंशी पानांच्या अहवालांत नव्हे तर देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनापुढें गेला. न्याय उघड मागणें आणि तो अंधारांत घेणें हीं दोन कामें एकाच हातानें होत नाहींत.

येथपर्यंत लिहून मी थांबलों असतों तर लेख सोपा झाला असता, आणि खोटाही. कारण सत्य बोल म्हणून सांगणाऱ्या आमच्यासारख्यांचें त्यांत काय जातें? मी मिशनच्या शाळेंत शिकलों, मिशनच्याच शाळेंत मास्तर झालों, आणि निवृत्तिवेतन खातों. माझें ख्रिस्ती नांव मला भाकरीच्या आड कधीं आलें नाहीं, उलट कामीं आलें. उपदेशक नेहमीं रेव्हरंड टिळकांचें उदाहरण देतात. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि आप्त गमावले. लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. तो त्याग थोर होता याविषयीं वाद नाहीं. पण टिळकांची विद्या आणि वाणी त्यांच्याबरोबर आली. ती कोणत्याही कचेरींत हिरावली गेली नाहीं. ऊंसतोड्याच्या मुलाजवळ एक कागद आहे. तो टाक असें सांगणें आणि टिळकांचें नांव घेणें, यांत मला कांहींसा निर्लज्जपणा वाटूं लागला आहे.

तेव्हां त्या पायरीवर मीं त्याला एवढेंच सांगितलें: गुप्त बाप्तिस्मा मागूं नकोस, त्यापेक्षां थांब. थांबण्यांत लाज नाहीं. मात्र विश्वास ठेवल्याचा दिवस आणि पाण्यांत उतरण्याचा दिवस यांतलें अंतर नोकरीच्या हिशोबानें मोजूं लागलास, तर तें तुझें तुलाच कळेल, पाळकांना कळणार नाहीं. त्यानें विचारलें, "आणि कळलें तर?" मी म्हणालों, "तर त्या दिवशीं दाखला परत करावा लागेल, आणि त्या दिवशीं तूं एकटा असूं नयेस."

हें शेवटचें वाक्य तोंडांतून गेलें आणि मीच अडकलों. एकटा असूं नयेस म्हणजे काय? संध्याकाळीं पंचांस बसवून मीं विचारलें. दरवर्षीं हंगामाच्या उपकारस्तुतीच्या सणाला ज्वारी, कोंबड्या, भाज्या येतात, त्यांचा लिलाव होतो, आणि पैसा मंदिराच्या रंगाला जातो. मंदिराला पांच वर्षांत तिसरा रंग चालला आहे. हा पैसा दोन वर्षें दोन मुलांच्या खानावळीला व परीक्षेच्या शुल्काला द्यावा काय? एका पंचानें विचारलें, मग सर्वच मुलें मागतील. दुसरा म्हणाला, मागोत. तिसऱ्यानें, जो स्वतः सरकारी नोकरींत आहे आणि ज्याचें नांव आमच्या वहींत कोठेंही नाहीं, मान खालीं घातली आणि शेवटीं शंभराच्या दहा नोटा टेबलावर ठेवल्या.

सणापर्यंत आणखी कांहीं जमलें. मुलगा त्या पैशांतून नगरच्या अभ्यासिकेंत राहतो आणि रविवारीं पहिल्या एस.टी.नें ढोलकी वाजवावयास येतो. बाप्तिस्म्याविषयीं त्यानें अजून कांहीं सांगितलेलें नाहीं, आणि पाळकांनीं विचारलेलें नाहीं.